मानोऱ्याच्या पाण्यात दाढीचा फेस

दाढीचा फेस जमत नाही म्हणून माणूस आधी साबण बदलतो, मग ब्रश बदलतो, मग ब्लेड. पाणी बदलायचं कोणाच्या मनात येत नाही. मानोऱ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत, तांड्यांवर खरी अडचण बहुतेक वेळा पाण्यातच असते. वाशीम जिल्ह्याचा हा भाग दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. बोअरचं पाणी खडकात जास्त काळ थांबलेलं, म्हणून सहसा उथळ विहिरीच्या पाण्यापेक्षा जड. घरातल्या बायकांना हे कोणत्याही तपासणीशिवाय ठाऊक असतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ लावते, त्याच पाण्यात साबण फेस धरत नाही. पाणी तापवायच्या पातेल्याला किंवा बंबाला आतून बसणारा पांढरा थर त्याच क्षारांचा.

साबण जड पाण्यात गेला की कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडला जातो आणि न विरघळणारा करडा साका होतो. बादलीच्या काठाला चिकटलेला असतो तो हाच. हे क्षार जोवर संपत नाहीत, तोवर साबण फेसाच्या कामाला उरत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम सांगतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. हिशेब केला तर 600 च्या पाण्याचे 100 मिलिलिटर सुमारे एक तृतीयांश ग्रॅम साबण खाऊन टाकतात. एका दाढीला आपण क्रीम घेतो साधारण एक ग्रॅम, आणि त्यातही निखळ साबण निम्म्याहून कमी. अशा पाण्यात ब्रश पुन्हापुन्हा बुडवत बसलं तर साबण कुठे गेला हे वेगळं सांगायला नको.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू फार दिलासा देणारी आहे. एका दाढीच्या फेसात पाणी जातं किती? दोन-तीन चमचे. ब्रश भिजवायला आणि चेहऱ्यावर शेवटचा हात फिरवायला लागणारं पाणी धरलं तरी एक वाटी पुरते. बाकी सगळं, म्हणजे तोंड धुणं, रेझर खळबळणं, शेवटी चेहरा स्वच्छ करणं, बोअरच्या पाण्याने खुशाल करा. एक वाटी गोडं, म्हणजे जड नसलेलं पाणी भर उन्हाळ्यातही कोणत्याही घरातून निघतं. या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी हीच मानतो.

ती एक वाटी कुठून आणायची

आधी आपलं पाणी तपासून घ्या. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत घरचं पाणी, दुसरीत आरओच्या कॅनचं. दोन्हींत दाढीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. घरच्या पाण्यावरचा फेस बसला आणि पाणी दुधट झालं, तर पाणी जड आहे. या तपासणीला भांड्याचं डिटर्जंट वापरू नका. ते जड पाण्यातही फेस देतं आणि फसवतं.

आरओचं किंवा कॅनचं पाणी हा सोपा मार्ग. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी त्याहून चांगलं. पहिल्या एक-दोन पावसांत पत्रा धुऊन जाऊ द्या आणि मग भांडं लावा. हे पाणी गाळून बाटलीत भरून ठेवलं की बरेच दिवस दाढीला चालतं.

दोन्ही नसेल तर उकळा. बेसॉल्टमधल्या पाण्याचा जडपणा मोठ्या प्रमाणात बायकार्बोनेटचा असतो आणि तो उकळल्यावर बराचसा खाली बसतो. पाणी खळखळून पाच-सात मिनिटं उकळू द्या, झाकून निवू द्या आणि न ढवळता वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. तळचा पांढरा गाळ त्यात येऊ देऊ नका. नुसतं कोमट करून हे साधत नाही.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गाळ बसवायला ती उत्तमच. मात्र तुरटीने पाणी निवळतं, गोडं होत नाही. उलट तुरटी पाण्यातल्या बायकार्बोनेटशी जुळते आणि कॅल्शियम सल्फेटच्या रूपात मागे उरतं. हा जडपणा उकळूनही जात नाही. म्हणून दाढीचं पाणी उकळायचं असेल तर तुरटी न फिरवलेलं, कापडातून गाळलेलं पाणी घ्या.

सामान

दाढीचा गोल साबण किंवा ट्यूबमधली क्रीम, दोन्ही चालतात. अंगाला लावायचा साबण नको. तो मुख्यतः सोडियमचा असतो, त्याचे बुडबुडे मोठे आणि लगेच फुटणारे. दाढीच्या साबणात आणि क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल जास्त असतं, त्याने फेस दाट राहतो. सोबत पोटॅशियमचा साबण असतो, तो पाण्यात चटकन मिसळतो. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. डब्याच्या मागे घटक वाचायची सवय ठेवा. नवशिक्याने क्रीमपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण तिच्यात चूक झाली तरी पाण्याच्या दोन थेंबांनी सावरता येते. साबणाची वडी अधिक काळ पुरते, पण हात बसायला वेळ घेते.

ब्रश नायलॉनचा असला तरी काही बिघडत नाही. उलट तो भिजवावा लागत नाही आणि जड पाण्यात कमी साबण पितो. डुकराच्या केसांचा असेल तर पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. ते केस भिजल्याशिवाय मऊ पडत नाहीत.

रेझर दोन्ही बाजूंनी धार असलेल्या सुट्या ब्लेडचा. किंग जिलेटने 1903 साली अमेरिकेत असे रेझर विकायला काढले तेव्हा पहिल्या वर्षी खपले फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेड. आज आपल्या बाजारातल्या कोणत्याही किराणा किंवा जनरल दुकानात टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक यांपैकी काहीतरी मिळतंच. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं आणून पाहा. एकाच्या चेहऱ्याला चालणारं ब्लेड दुसऱ्याला ओरखडतं, आणि यात महाग-स्वस्ताचा फारसा संबंध नसतो. याखेरीज दोन वाट्या, एक पंचा, आरसा आणि तुरटीचा गुळगुळीत खडा.

आधी पाणी, मग साबण

बलुत्याच्या काळात न्हावी धोकटी घेऊन घरोघर जायचा आणि अंगणात बसून दाढी करायचा. साबण असेच असं नाही. वाटीतलं पाणी गालाला लावून बोटांनी तो दाढी बराच वेळ चोळायचा, केस नरम पडले की वस्तरा लावायचा. त्याचं तंत्र पक्कं होतं. कोरडा केस ताठ असतो, पाणी प्यायलेला केस सहज कापला जातो, आणि त्याला पाणी पाजायला दोन-तीन मिनिटं लागतात. फेसाचं खरं काम ही ओल केसावर धरून ठेवणं आणि ब्लेडला घसरायला वाट देणं. दाढी आधीच भिजलेली नसेल तर कितीही सुंदर फेस उपयोगाचा नाही.

म्हणून आंघोळ करून लगेच दाढीला बसणं सगळ्यात चांगलं. आधी करायची असेल तर साबणाने चेहरा धुवा, दिवसभरची धूळ आणि तेल निघू द्या. शेतातून आल्यावर तर हे टाळूच नका, कारण धुळीचे कण ब्लेडखाली आले तर कातडी खरवडली जाते. मग पंचा सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, दोन मिनिटं दाढीवर धरून ठेवा. थंडीत हे आवश्यक. मे महिन्यात टाकीतलं पाणी आपोआपच तापलेलं असतं, तेव्हा वेगळं गरम करायची गरज नाही. शेवटी वाटीतल्या गोड्या पाण्याचा ओला हात चेहऱ्यावर फिरवा आणि पुसू नका.

ओल्या बोटांनी दाढी चाचपून घ्या. ज्या दिशेने हात फिरवला की गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा, खरखरीत लागतं ती उलटी. गालावर केस बहुतेक खाली वाढतात. गळ्यावर मात्र कोणाचे वर, कोणाचे आडवे, कोणाचे भोवऱ्यात. गळ्यावर पुरळ येणाऱ्या बहुतेकांनी ही दिशा कधी पाहिलेलीच नसते.

फेस

ब्रश गोड्या पाण्यातून काढा आणि दोन-तीनदा हलकेच झटका, अगदी पिळून काढू नका. टोकाला ओल हवी, थेंब गळायला नकोत. सुरुवातीला पाणी कमीच हवं. फेस बिघडतो तो बहुतेक इथेच, पहिल्याच बुडवणीत भरपूर पाणी आल्यामुळे.

क्रीम असेल तर करंगळीच्या अर्ध्या पेराएवढी रिकाम्या वाटीच्या तळाला लावा. वडी असेल तर तिच्यावर ओला ब्रश अर्धा मिनिट गोल फिरवा. गोडं पाणी मिळालंच नाही आणि जड पाण्यावर भागवायचं असेल, तर क्रीम दीडपट घ्या आणि वडीवर ब्रश मिनिटभर फिरवा. जड पाण्यात आधी थोडा साबण खर्ची पडणार हे धरूनच चालावं लागतं. वडीवर उठणारे मोठे, फसफसणारे बुडबुडे पाहून थांबू नका. ब्रशच्या टोकाला चिकट, जाडसर लगदा बसेपर्यंत फिरवत राहा.

आता फेसाच्या वाटीत ब्रश गोल फिरवायला लागा. जोर नको, टोकांनी फिरवायचं. दहा-पंधरा सेकंदांत दाट, कोरडा, जरा चिकट असा लेप होईल. अनेकजण इथेच थांबतात, कारण दिसायला तो भरपूर दिसतो. तो अजून फेस झालेला नाही. बोटाच्या टोकाने गोड्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका आणि पुन्हा वीस सेकंद फिरवा. पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणं. असं चार-सहा वेळा. दर वेळी फेस थोडा मऊ, थोडा चकचकीत होत जाईल. एकूण दीड-दोन मिनिटं लागतात, आणि ही दोन मिनिटं कोणत्याही महागड्या साबणाने वाचत नाहीत.

झाला कसा ओळखायचा? घट्ट विरजलेल्या दह्यासारखा दिसतो, वर तुकतुकी असते, डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत. ब्रश उचलला की टोक उभं राहून किंचित वाकतं. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला तर बोटं घसरतात, मध्ये पकड लागत नाही. ही चिमटीची कसोटी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. पकड लागली तर पाणी कमी आहे, थेंब टाका. बुडबुडे दिसले, फेस वाटीत सैल पसरला तर पाणी जास्त झालं. थोडी क्रीम वाढवून पुन्हा फिरवा. आणि पाणी बेताचं असूनही फेस तयार होऊन मिनिटाभरात बसत असेल, वाटीच्या कडेला करडे कण दिसत असतील, तर तो पाण्याचा जडपणा आहे. तिथे घोटत बसून उपयोग नाही, वाटीतलं पाणी बदला.

फेस चेहऱ्यावर लावताना आधी गोल गोल फिरवा, म्हणजे केस उभे राहतात आणि मुळापर्यंत ओल जाते. मग रंगाऱ्याने कुंचला ओढावा तसे वरून सपाट फटके देऊन थर सारखा करा. ओठाच्या वर आणि हनुवटीवर केस सगळ्यांत जाड असतात, तिथे फेस आधी लावा आणि दाढी शेवटी करा. त्यांना भिजायला तेवढा वेळ मिळतो.

उन्हाळ्यातली एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेची कोरडी हवा फेसातलं पाणी बघता बघता ओढून घेते. पंख्याखाली तर दोन मिनिटांत गालावरचा फेस पापुद्र्यासारखा वाळतो. या दिवसांत फेस नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवा, पंखा बंद करा, आणि एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला लावा. उरलेला वाटीत झाकून ठेवा.

हात हलका

रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा, दांडी आडवी बाहेर. मग दांडी हळूहळू खाली आणत जा. जिथे ब्लेड केसाला लागल्याचं जाणवतं, तिथे थांबा. हा कोन साधारण 30 अंशांचा असतो. मनगट न वाकवता तोच कोन ठेवून इंच-दीड इंचाचे छोटे फटके घ्या. दाबायचं अजिबात नाही. प्लास्टिकच्या दोन-तीन पात्यांच्या रेझरने हाताला दाबायची सवय लागलेली असते, ती इथे मोडावीच लागते. धातूच्या रेझरचं वजन पुरेसं आहे, आपण फक्त वाट दाखवायची. केस कापला जात नसेल तर ब्लेड बदला, जोर वाढवू नका.

दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा. गाल कानाकडे, गळा खाली. कंठमण्यावर सरळ फिरवू नका; कातडी बाजूला ओढून सपाट झालेल्या भागावर फटका घ्या. दोन-तीन फटक्यांनी रेझर बोअरच्या पाण्यात खळबळा. बेसिनच्या काठावर आपटू नका, धार मोडते.

पहिला हात केसांच्या दिशेने. एवढ्यावर रोजच्या दाढीचं काम भागतं. अजून गुळगुळीत हवी असेल तर चेहरा ओला करून पुन्हा फेस लावा आणि आडवा हात फिरवा. फेसाशिवाय नुसत्या पाण्यावर दुसरा हात फिरवायचा मोह होतो, आणि आग होते ती बहुतेक त्यानेच. उलटा हात लग्नकार्याला ठीक आहे. ज्यांचे केस कुरळे आहेत, गळ्यावर फोड येतात, केस कातडीत वळून वाढतात, त्यांनी तो कधीच घेऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनीही एका हातावर समाधान मानावं, कारण बारीकशी जखमही भरायला वेळ घेते.

तुरटी आणि नंतरचं

थंड पाण्याने चेहरा धुवा. तुरटीचा खडा ओला करून सगळ्या दाढीवर हलकेच फिरवा, अर्धा मिनिट ठेवा आणि धुऊन टाका. वाळू देऊ नका, कातडी ओढली जाते. बारीक कापलं असेल तिथे खडा थोडा दाबून धरला की रक्त थांबतं, कारण तुरटी रक्तातली प्रथिनं गोठवते. झोंबली तर तिथे आज हात जड पडला असं समजा. उद्या त्याच जागी जपा. खडा मात्र ज्याचा त्याने वेगळा ठेवावा, घरातल्या चौघांत एक नको. शेवटी ओल्या चेहऱ्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा साधं क्रीम पुरेसं.

दुकानात गेलात तर

पोहरादेवीच्या यात्रेला निघण्याआधी, लग्नाला, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी सहज म्हणून बरेचजण दुकानातच दाढी करून घेतात, आणि चांगल्या कारागिराचा हात बघण्यासारखा असतो. अनेक दुकानांत संत सेना महाराजांची तसबीर दिसते. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते. खुर्चीत बसल्यावर कारागीर ब्रश गालावर किती वेळ फिरवतो ते पाहा. घरी आपण त्याच्या निम्मा वेळही देत नाही.

एकच आग्रह धरा. दुकानातल्या आजच्या वस्तऱ्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवतात. तो तुकडा तुमच्या डोळ्यांदेखत नव्या ब्लेडचा कागद फोडून, मोडून बसवलेला असला पाहिजे. वापरलेल्या ब्लेडवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातून हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही पसरू शकतात. नवं ब्लेड मागायला संकोच वाटायचं कारण नाही. चांगला कारागीर न सांगताच ते करतो.

ब्रश, ब्लेड, डबा

ब्रश गोड्या पाण्यात शेवटचा एकदा खळबळून, झटकून, केस खाली करून टांगा किंवा मोकळ्या हवेत उभा ठेवा. जड पाण्यात वापरलेल्या ब्रशच्या मुळाशी करडा साका साचतो आणि मग तो साबण पीत राहतो. महिन्यातून एकदा वाटीभर कोमट पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्यात ब्रश दोन-तीन मिनिटं बुडवा आणि नीट धुवा. ब्लेड पुसू नका, धार कापडाला लागते. रेझर सैल करून धुवा, झटका, वाळू द्या. एक ब्लेड तीन ते पाच दाढ्या चालतं, केस राठ असतील तर त्याहून कमी.

जुनं ब्लेड कचऱ्यात टाकू नका. गावात कचरा उकिरड्यावर जातो, तिथे गाई-शेळ्या तोंड घालतात आणि कचरा वेचणारे उघड्या हातांनी उपसतात. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणात ब्लेड जाईल एवढी फट पाडा, डबा आरशामागे ठेवा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. तो भरायला काही वर्षं लागतात. भरला की फटीवर पट्टी लावा, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहा आणि आत काय आहे ते सांगून भंगारवाल्याच्या हातात द्या.